लिव्हरचं टनेज

रोड बाईकवाले एकमेकांना भेटले की आधी नमस्कार करत नाहीत, समोरच्याची सायकल उचलून बघतात. तीही दोन बोटांनी. आडव्या नळीला खालून बोटं लावायची, सायकल जमिनीपासून वीतभर वर घ्यायची, मान जरा तिरकी करायची आणि डोळे मिटून म्हणायचं, "नऊ-दोनशे?" मालकाने दुखावल्या आवाजात उत्तर द्यायचं, "नऊ-दीडशे. पेडलसकट." घरचे कसे आहेत, पाऊस झाला का, हे सगळं त्यानंतर. सायकल चालायला कशी आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. चालवायला काय, कोणीही चालवतं.

करमाळ्यात या पंथाचे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यासाठी एक हात पुरतो. माझी सायकल पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याकडून आलेली. "मामा, बाहेर विकण्यापेक्षा घरातल्या घरात राहील," असं म्हणून त्याने ती मला दिली. घरातल्या घरात असल्यामुळे किंमत बाजारभावापेक्षा थोडी जास्त पडली. गियरची, वाकड्या हँडलची, डिस्क ब्रेकची आणि ते ब्रेकही ऑइलचे. पहाटे मी ती घेऊन कधी जेऊरच्या रस्त्याला लागायचो, कधी केमच्या. थंडी सरता सरता उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आलेत का बघायला जायचो आणि येताना कुणाच्या तरी बागेतली केळी खाऊन यायचो. सगळं सुखात चाललं होतं.

मग नगरकडून पंढरपूरला सायकलवर निघालेला एक पाहुणा आमच्या चहाच्या टपरीवर थांबला. रीतीप्रमाणे त्याने माझी सायकल उचलली. आधी मागून. "हं, ठीक आहे." मग पुढून. चेहरा गंभीर झाला.

"पुढून जड आहे."

"म्हणजे?"

"लिव्हर. ऑइलचे आहेत ना? जोडी सहाशे ग्रॅमच्या आसपास असणार. एवढं ओझं घेऊन रोज फिरता?"

एवढं बोलून त्याने भज्यांची दुसरी प्लेट संपवली, तिसरी बांधून घेतली आणि तो टेंभुर्णीच्या दिशेने निघून गेला. त्या दिवसापर्यंत मला माझ्या सायकलला पुढची बाजू आहे हेसुद्धा जाणवलं नव्हतं. आता हँडलला हात लावला की मनगटं दुखायला लागली.

वाचकांच्या मनात या क्षणी जे वाक्य आलंय, ते मला ठाऊक आहे. माझ्या शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधल्या भागाकडे बघत ते करमाळ्यात सगळ्यांनी म्हणून झालेलं आहे. सायकलवाल्याला ते वाक्य लागत नाही. पोट हा निसर्गाचा भाग आहे, लिव्हर हा कंपनीचा. निसर्गात ढवळाढवळ करू नये असं पर्यावरणवालेही सांगतात.

आता हे लिव्हर जड का, ते सांगायला हवं. साध्या सायकलच्या ब्रेकमध्ये एक तार असते. दांडी ओढली की तार ओढली जाते, रबर रिमला घासतं, काम संपलं. ऑइलच्या ब्रेकमध्ये मुठीच्या रबराखाली एक अख्खा कारखाना बसवलेला असतो. सिलिंडर, पिस्टन, स्प्रिंग, तेलाची चिमुकली टाकी आणि वरच्या अंगाला एअर काढायचा स्क्रू. त्याच मुठीत गियर बदलायच्या दातेरी चकत्या, खिट्ट्या आणि आणखी स्प्रिंगा. दांडी दाबली की पिस्टन तेल ढकलतो, तेल नळीतून चाकापाशी जातं आणि तिथले पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात. पास्कलने तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगितलेलं तत्त्व आहे. पास्कलने वजनाबद्दल मात्र काही सांगून ठेवलेलं नाही.

हे सगळं मी शेजारच्या तात्यांना कौतुकाने समजावून सांगितलं. तात्यांचा ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे.

"म्हंजी हायड्रॉलिक?"

"हो."

"किती टन उचलतंय?"

"उचलत नाही तात्या. थांबवतं."

तात्यांनी सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "थांबवायला हायड्रॉलिक कशाला वो सर? आमी पायताण घासायचो."

तात्यांच्या बाजूने बोलायचं तर पायताणाचं वजन सायकलमध्ये धरलं जात नाही. तो मुद्दा मी वहीत टिपून ठेवला.

मी लिव्हरचं वजन कमी करायच्या मागे आहे, ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. पसरताना तिच्यातला ब्रेक गळून पडला. दुसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत "सरांच्या लिव्हरला सूज आहे" एवढीच शिल्लक राहिली. संध्याकाळी एक स्नेही भुईआवळ्याची जुडी घेऊन आले. त्यांच्या मागून दुसरे पपई घेऊन आले. तिसऱ्यांनी सोलापूरच्या डॉक्टरांचा पत्ता आणला आणि जाताना हळूच विचारलं, "घेत होता का हो?" बायकोने सगळ्यांना चहा दिला आणि मला एवढंच म्हणाली, "अहो, पपई गोड निघाली. आजार दोन दिवस चालू द्या."

कुठलंही वजन कमी करायचं तर आधी ते मोजावं लागतं. लिव्हर मोजायचा तर तो सायकलपासून सोडवावा लागतो. सोडवायचा तर तेलाची नळी काढावी लागते, आणि नळी काढली की ब्रेक गेला. नळीच्या तोंडाशी 'ऑलिव्ह' नावाचं एक इवलंसं पितळी कडं असतं. ते एकदा आवळलं की दबून बसतं आणि पुन्हा उपयोगाला येत नाही. थोडक्यात, आपला ब्रेक किती वजनाचा आहे हे कळायची अट अशी, की कळतेवेळी आपल्याला ब्रेक नसला पाहिजे. मी अट मान्य केली.

किराणा दुकानातला काटा पाच ग्रॅमच्या खाली बोलत नाही. आमच्या पंथाला पाच ग्रॅम म्हणजे डोंगर. म्हणून मी सराफाकडे गेलो. काचेच्या पेटीतला काटा, वाऱ्याची झुळूकसुद्धा मोजणारा. दुकानात लग्नाच्या खरेदीला आलेलं एक कुटुंब बसलं होतं. मी रुमालात गुंडाळलेला लिव्हर काउंटरवर ठेवला. सराफांनी सवयीने रुमालाच्या घड्या हळुवार उलगडल्या.

"मोड आहे का?"

"नाही हो. फक्त वजन."

लिव्हर पेटीत मावेना. सराफांनी काचेचं दार उघडं ठेवलं, दांडीचं टोक बाहेर लटकू नये म्हणून दोऱ्याने वर बांधलं, पोराला सांगून पंखा बंद केला आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचला, "तीस तोळे, पाच ग्रॅम, चारशे वीस मिली."

तीस तोळे म्हटल्यावर नवरीची आई सरसावून बसली. "कसलं हाय?"

"ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि रबर," मी म्हणालो.

"आन् मोजताय सोन्याच्या काट्यावर?"

सराफांनी व्यवहाराचं बोलायला सुरुवात केली. "काढायचं किती?"

"निघेल तेवढं."

"आमच्याकडे लोक घट लागली तर भांडतात, सर. पैसे देऊन घट लावून घेणारे तुम्ही पहिलेच." त्यांनी वजनाचे पैसे घेतले नाहीत. पण मी बाहेर पडल्यावर त्यांनी काटा पुसून घेतला, ते मला दिसलं.

इथे थोडी अभ्यासाची बाजू. लिव्हर हलके करायचा राजमार्ग कंपन्यांनीच काढून ठेवलेला आहे. जास्त पैसे द्यायचे. शिमानोच्या १०५ मालिकेत वायरवर चालणारे गियर आणि ऑइल ब्रेक असलेल्या लिव्हरची जोडी सहाशे ग्रॅमच्या घरात आहे. त्याच मालिकेची विजेवर गियर बदलणारी जोडी ४२३ ग्रॅम. ड्युरा-एस मालिकेची विजेची जोडी ३५० ग्रॅम. वाचणारा म्हणतो, वा! पण गेलेलं वजन गेलं कुठे? दातेरी चकत्या मुठीतून निघाल्या, तेव्हा मागे गियरपाशी मोटार आली. मोटारीला बॅटरी लागते, ती पन्नासेक ग्रॅमची बॅटरी सीटखालच्या नळीत जाऊन बसली. बॅटरीला चार्जर लागतो, तो घरी टेबलावर राहिला. मग चार्जर विसरला तर, या काळजीने डोकं जड झालं. वजन असं कुठे जात नाही. त्याची फक्त बदली होते, आणि आपण बदलीच्या ऑर्डरचे पैसे भरतो.

मला हे तत्त्व पुढे पदोपदी दिसणार होतं. पण विजेच्या जोडीची किंमत वाचल्यावर मी स्वदेशी मार्ग धरला. आहे तोच लिव्हर सोलायचा.

पहिला नंबर बोल्टचा. लिव्हर हँडलला आवळणारे बोल्ट स्टीलचे असतात. टायटॅनियमचा बोल्ट त्याच मापात निम्म्याहून थोड्याच जास्त वजनाचा भरतो. मी दोन मागवले. त्या पैशात करमाळ्याच्या बाजारात किलोभर लोखंडी बोल्ट आले असते आणि वर हातोडी आली असती. पण या धंद्याचं गणित उलटं आहे. जितकं कमी मिळेल तितकं महाग. पूर्ण काहीच न मिळण्याची किंमत किती असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पार्सल आलं त्या दिवशी कुरिअरच्या पोराचा फोन आला.

"सर, तुमचं पाकीट आलंय, पण आत काय न्हाय."

"आहे रे."

"मी हलवून बघितलं. रिकामं लागतंय. परत पाठवू का? उगं पैसे जातील तुमचे."

त्याच्या प्रामाणिकपणाने मला गहिवरून आलं. पाकीट हातात घेऊन मी दोन बोटांनी तोललं आणि समाधानाने मान हलवली. पोरगा उभाच. शेवटी त्याने विचारलं, "सर, यात ऐवज काय हाय?" मी बोल्ट दाखवले. तो म्हणाला, "हे तर आमच्या गाडीचं बी पडलंय, आमी तार बांधलीय."

दुसरा नंबर भोकांचा. सायकलच्या इतिहासात भोकांना मोठा मान आहे. २५ ऑक्टोबर १९७२ ला मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापून विक्रम केला, तेव्हा कोलनागोने त्याला बनवून दिलेली सायकल सुमारे पावणेसहा किलोची होती. भोकं पाडून तिचे भाग हलके केलेले होते. त्यानंतरच्या काळात भोकांची अशी फॅशन आली, की लोक ब्रेकच्या दांड्या, चेनच्या चकत्या, मिळेल ते भोकून काढायचे. मी हा इतिहास वेल्डिंगवाल्याला सांगितला आणि दांडी पुढे केली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली.

"भोकं किती?"

"मावतील तेवढी."

"मारतो. पण तुटली तर?"

"मर्क्सची नाही तुटली."

"त्येंच्यात बी असलंच ऑइल होतं का?"

मला उत्तर देता येईना. कारण त्या सायकलला ऑइलचा ब्रेक नव्हता, तारेचाही नव्हता. ती ट्रॅकवरची सायकल. तिला ब्रेकच नव्हता. ब्रेकचं वजन शून्यावर आणायची पद्धत केव्हाच सापडलेली आहे. वेल्डिंगवाल्याला हे सांगितल्यावर त्याने ड्रिल खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग काढूनच टाका की. भोकाचे पैसे तरी वाचतील." भोकांचा विषय तिथेच थांबला.

राहिलं घरचं ऑपरेशन. रविवारी दुपारी, सगळे झोपल्यावर, मी हॉलमध्ये सोलापुरी चादर अंथरली आणि शस्त्रं मांडली. ब्लेड, चिमटा, सिरिंज, पॉलिश पेपर आणि तेलाची बाटली. शिमानोचं हे मिनरल ऑइल गुलाबी असतं. चादर पांढऱ्या-निळ्या नक्षीची होती. 'होती' असंच म्हणावं लागेल.

आधी कंपनीच्या नावाची पट्टी काढली. नाव गेलं, तीन ग्रॅम गेले. मग दांडीचा रंग पॉलिश पेपरने घासला. बराच वेळ घासल्यावर एक ग्रॅम गेला आणि माझ्या बोटांची वरची कातडी गेली. ती मी हिशेबात धरलेली नाही. मग मुठीचं रबर सोलून आतल्या बाजूने ब्लेडने तासलं. न दिसणाऱ्या जागचे सहा ग्रॅम. नळी जरा आखूड केली, पाच ग्रॅम. बोल्टांचे चार. एकूण एकोणीस. मी कागदावर बेरीज दोनदा केली आणि दोन्ही वेळा आनंद झाला.

आता तेल भरायचं. यात कृती अशी की लिव्हरच्या वरच्या स्क्रूच्या जागी नरसाळं लावायचं, खालून ब्रेकपाशी सिरिंजने तेल ढकलायचं आणि बुडबुडे वर येऊ द्यायचे. मी वरचा स्क्रू काढला. त्याच्यावर एक काळी ओ-रिंग असते, जेमतेम काही मिलिमीटरची. ती टुणकन उडाली. ती शोधायला मी चादरीवर ओणवा झालो. गुडघा सिरिंजवर पडला. त्यानंतर जे झालं ते पास्कलच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर झालं. दाब सगळ्या दिशांना सारखा गेला. एक दिशा भिंतीची होती, एक पडद्याची आणि एक, आवाजाने उठून बाहेर आलेल्या सासूबाईंच्या पातळाची.

सासूबाई केमच्या. त्या गावात कुंकू पिढ्यान्‌पिढ्या बनतं, त्यामुळे लाल-गुलाबी रंगांत त्यांची नजर फसत नाही. त्यांनी पदराला बोट लावून बघितलं, वास घेतला आणि आत बघून मुलीला हाक मारली, "अगं, तुझ्या नवऱ्याने काहीतरी फोडलंय. जिवंत आहे पण."

ओ-रिंग तीन दिवसांनी ज्वारीच्या डब्यात सापडली. डबा स्वयंपाकघरात असतो आणि झाकणाचा असतो. ती तिथे कशी गेली, यावर आमच्या घरात आजही मतभेद आहेत.

तेल भरून झालं, पण ब्रेकने एअर धरली. दांडी दाबली की भिजवलेल्या पावासारखी थेट हँडलपर्यंत आत जायची. ऑइलच्या ब्रेकला तेलात हवेचा एक बुडबुडा चालत नाही. तेल दबत नाही, हवा दबते. आपण सगळा जोर लावतो आणि तो बुडबुडा एकटा खाऊन बसतो. सरकारी योजनांच्या नळीत कुठेतरी अशीच एअर असावी. मी नळीला टिचक्या मारल्या, सायकल भिंतीला उभी टेकवली, मग आडवी केली, मग छताच्या पंख्याच्या हुकाला टांगली. शेवटी तात्या आले आणि म्हणाले, "ट्रॅक्टरला आमी रातभर दांडी दाबून बांधून ठेवतो." दांडी रबराने बांधून ठेवली. सकाळी ब्रेक टणक. ज्ञान पुण्याहून मागवायची आपल्याला सवय असते. ते शेजारी पायताण घालून बसलेलं असतं.

आता हिशेब. माणूस, सायकल, पाण्याच्या बाटल्या मिळून मी साधारण ८७ किलोचा ऐवज. कमलाभवानीच्या मंदिराकडे देवीच्या माळावर जाणारा चढ मला तीन मिनिटं पुरतो. एकोणीस ग्रॅम कमी झाल्यामुळे त्या चढावर वाचणारा वेळ काढला, तर सेकंदाचे शंभर भाग करून त्यातले चार भाग. हे चार भाग मी वर पोचून काय करणार, असा प्रश्न बायकोने विचारला. मी म्हणालो, देवीला हात जोडीन. ती म्हणाली, तेवढ्या वेळात एकच हात उचलेल.

देवीचा माळ हा मोजदादीचाच मुलूख आहे. रावरंभा निंबाळकरांनी १७२७ साली हे मंदिर उभारलं आणि शहाण्णव या आकड्याशी लग्न लावलं. खांब ९६, ओवऱ्या ९६, विहिरीला पायऱ्या ९६. 'सैराट' २०१६ साली आला तेव्हापासून त्या विहिरीवर फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. एवढे दगड मोजले, पण कोणी त्यातला एक खांब हलका करावा म्हणून आतून तासला नाही. म्हणून मंदिर अजून उभं आहे.

आणि गेलेल्या वजनाची बदली? तीही सांगतो. टायटॅनियमचे बोल्ट अंदाजाने आवळून चालत नाहीत, जास्त आवळले की धागे जातात. म्हणून टॉर्क रेंच घेतला. वाटेत लिव्हर ढिला झाला तर, म्हणून तो सीटमागच्या पिशवीत. पुन्हा एअर धरली तर, म्हणून सिरिंज, नरसाळं आणि तेलाची छोटी बाटली. ऑलिव्हची दोन कडी. सांडलं तर पुसायला चादरीचा तुकडा, तो आता मुबलक होता. पिशवी किराणा दुकानात नेऊन मोजली, नऊशे चाळीस ग्रॅम भरली. तिथला काटा पाच ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, पण या वेळी मला तो पुरेसा अचूक वाटला.

मला एकट्याला हसू नका. जगातले मोठे स्पर्धक याच फेऱ्यात आहेत. सायकलच्या जागतिक संघटनेने २००० सालापासून नियम केलाय की स्पर्धेतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालणार नाही. कंपन्यांनी कोट्यवधी खर्चून सायकली त्याहून हलक्या केल्या. मग मेकॅनिकांना वजन भरण्यासाठी त्यात पुन्हा वजनं टाकायची पाळी आली. आधी पैसे देऊन काढायचं, मग नियमासाठी घालायचं. आमच्याकडे म्हशीच्या दुधाचं हेच होतं, फक्त तिथे पाणी फुकट असतं.

नव्या लिव्हरची चाचणी घ्यायला मी पहाटे निघालो. हे ब्रेक उतारावर ताशी सत्तरने येणाऱ्या माणसाला एका बोटाने थांबवण्यासाठी बनवलेले आहेत. आमच्या रस्त्यावर ताशी सत्तर हा आकडा फक्त कागदावर असतो. ब्रेक लावायची गरज पडेल असा वेग येण्याआधीच काहीतरी येतं. गतिरोधक येतो. तो संपतो तिथे खड्डा सुरू होतो. मग शेळ्या येतात, त्यांच्या मागून धनगर येतो आणि तो "सर, कितीला पडली?" असं विचारायला थांबवतो. हंगामात दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येतो, त्याच्या उसाची लोंबणारी वाढं सायकलस्वाराच्या डोक्याचा आकार तपासून जातात. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी तालुक्यातून जाते, तेव्हा तर वेगाचा प्रश्नच मिटतो. एवढ्या फिरण्यात मी ब्रेक दाबला तो एकदाच, केळीच्या टेम्पोमागे. सायकल जागच्या जागी थांबली. पिशवीतला टॉर्क रेंच थांबला नाही.

तात्यांना मात्र हा सगळा प्रकार मनापासून पटला नव्हता. त्यांचं म्हणणं, सराफाचा काटा बायकांचा, किराण्याचा काटा दुकानदाराचा. शेतकऱ्याने वजन करावं ते आपल्या काट्यावर. ऊस कारखान्याला घालायच्या आधी बाहेरच्या वजनकाट्यावर भरून घेणारा माणूस तो. गाडीमागे टन-दोन टन इकडेतिकडे होतं, अशी तक्रार साखरपट्ट्यातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळते. त्यामुळे वजनाच्या बाबतीत तात्यांचा स्वतःच्या डोळ्यांखेरीज कोणावर विश्वास नाही.

"चला सर," ते म्हणाले, "तुमचं खरं टनेज काढू."

वजनकाट्यावर गर्दी नव्हती. लोखंडी पत्र्यावर दहा चाकी ट्रक उभा राहतो तिथे मी सायकलसकट उभा राहिलो. केबिनमधल्या पोराने काचेतून डोकं बाहेर काढलं. "तात्या, मशीन दहा किलोच्या खाली दाखवत न्हाय."

"दाखवंल तेवढं दाखव. भरलेला काटा घे."

आकडा आला, ९०. मग मला खाली उतरवलं आणि सायकल एकटी उभी केली. रिकामा काटा, १०. पूर्वीच्या वजनाशी ताडून बघण्यासाठी मी जुने स्टीलचे बोल्ट, तासलेलं रबर आणि कंपनीच्या नावाची पट्टी खिशातून काढून सायकलशेजारी ठेवली. आकडा १०. उचलली, १०. पुन्हा ठेवली, १०. पोरगा म्हणाला, "सर, मशीनला काय कळंना."

पावती छापायची वेळ झाली. वाहनाच्या रकान्यात त्याने 'सायकल' टाकलं. भरलेलं ९०, रिकामं १०, निव्वळ माल ८० किलो. मग त्याची बोटं थांबली.

"मालाचा प्रकार काय लिहू?"

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझ्या टाइट सायकलच्या चड्डीपाशी क्षणभर थबकले आणि निर्णय दिला.

"खोडवा लिही. आन् शेरा मार, पाचट लै हाय, उतारा कमी बसंल."